चार ओळी, सोळा वायरी

प्रिय अंबू,

आज संध्याकाळी साडेपाचला तुझी गाडी सुरू झाली. म्हणून लिहायला बसलोय.

तुला जाऊन दहा महिने होत आले. गड्ड्याची जत्रा उठली, पाळणे उतरवले आणि त्याच आठवड्यात तू गेलास. दहाव्याला तुझ्या लोकांनी मला चार शब्द बोलायला उभं केलं होतं. जन्मभर कविता म्हणत हिंडलेला माणूस मी! दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. भरून आलं होतंच. पण घशात अडकलं होतं ते दुसरंच काहीतरी. ते तुला ठाऊक होतं का? हे एवढंच विचारायचंय, आणि विचारायला उशीर झालाय.

सुरुवात पद्मापासून करतो. तुझी ही मुलगी चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात यंत्रांच्या वायरिंगची दुरुस्ती बघते, हे तुला सांगायला नको. पण तुझ्यामागं ती काय करतेय हे सांगायला हवं. गेल्या रविवारी सकाळी ती जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर आली. हात पुसले होते, तरी नखांत काळं होतं. अगदी तुझ्यासारखं. चहा पुढे ठेवला तर तिनं कप बाजूला सारला आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

म्हणाली, येत्या रविवारी मुरमाच्या मैदानावर हौशी लोकांची शर्यत आहे, तू दरवर्षी जायचास तीच. तिला तुझी गाडी घेऊन उतरायचंय. तीच पांढरी आठशे, चालवणाऱ्याची सोडून बाकीच्या सीट काढलेल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. वर्षभर शेडमध्ये झाकून होती. ताडपत्री काढली तर उंदरांनी आतली वायरिंग कुरतडून पार भुगा केलेला. एक वायर अख्खी राहिली नव्हती.

"गॅरेजवाले म्हणाले, सगळं उपटून फेका, नवीन तयार वायरिंग घाला," पद्मा म्हणाली. "मी पण तेच करणार होते. पण काका, हे बघा की. तुम्ही कवितावाले. नानांनी हे काय लिवलंय?"

फोटोत तुझ्या गाडीच्या डॅशबोर्डामागचा पत्रा होता. पत्र्यावर सोळा स्क्रू, प्रत्येक स्क्रूखाली वायरीचं तोडकं टोक, आणि प्रत्येक टोकाला बांधलेली एकेक कापडी चिंधी. चादरीच्या काठाची कातरलेली पट्टी, वर धोब्याच्या न पुसणाऱ्या शाईनं एकेक शब्द. अक्षर तुझं, चौथीतल्यासारखं मोठं आणि जपून काढलेलं. मी चष्मा चढवला. एका चिंधीवर 'चिमणी'. एकीवर 'बगळा'. एकीवर 'भोंगा'. एकीवर नुसतंच 'झाली'.

अंबू, माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत. साठ वर्षांत एकदाही तू ती कविता म्हटलेली मी ऐकली नव्हती. मला वाटत होतं, तू ती केव्हाच विसरलास. तू विसरावीस असंच मला वाटत होतं.

पद्माला मी म्हणालो, हे शब्द म्हणजे आमच्या गुरुजींची कविता आहे. कुठल्याही पुस्तकात सापडायची नाही. आम्ही चौथीत असताना त्यांनी स्वतः रचली, एका सकाळी फळ्यावर लिहिली आणि दुपारी पुसून टाकली. मग मी तिला ती म्हणून दाखवली:

पहाट झाली, भोंगा वाजे,
तळ्यात उजळा बगळा साजे,
माग चालता धागा नाचे,
दारी चिमणी गाणे वाचे.

पद्मानं बोटांवर शब्द मोजले. चार ओळी, ओळीत चार शब्द. सोळा. तिचा चहा गार झाला होता, तो तिनं तसाच एका घोटात संपवला आणि म्हणाली, "काका, उद्या चारला शेडवर या. मी पहिल्या पाळीवरून सुटते."

मी गेलो. रिक्षा करून पूर्व भागात, तुझ्या शेडवर. किती वर्षं बोलावत होतास! "बसू, एकदा ये की बघायला. जरा धूळ खाऊन जा." आणि मी म्हणायचो, ऊन आहे, गुडघे आहेत, पुढच्या वर्षी बघू. गाड्यांच्या वायरिंगच्या तुझ्या दुकानात दर रविवारी चहा प्यायला यायला माझे गुडघे कधी दुखले नाहीत. मागच्या शेडमध्ये दहा पावलं टाकायची म्हटलं की दुखायचे. गाडी म्हणजे पोरखेळ असं मला वाटायचं. साठीला टेकलेला माणूस डोक्यावर हेल्मेट घालून मुरमात गोल गोल फिरतो! ह्याला काय म्हणावं? मला कुठं ठाऊक की त्या पत्र्याखाली काय आहे.

आता पाहिलं. पद्मानं इंजिनाच्या बाजूची जुनी वायरिंग उचलून जमिनीवर चादरीवर पसरली होती. मधला भाग उंदरांनी खाल्लेला, पण दोन्हीकडची टोकं शाबूत. अरे, ती वायरिंग नव्हती, वेणी होती! जाड, मग निमुळती, मग दोन पेडांत फुटलेली. आणि ती टेपनं गुंडाळलेली नव्हती. सगळी मेण चोळलेल्या सुतानं बांधली होती, चार-चार बोटांवर एकेक गाठ. गाठ कुठली? तुटलेला धागा सांधताना तुझी आई मागावर मारायची ती, बारीक, बोटाला लागतसुद्धा नाही अशी. मी खाली बसलो, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि त्या गाठींवरून बोट फिरवत राहिलो. आपण लहान असताना तुमच्या घरात शिरलं की मागाची खटखट पायांतून अंगात चढायची, आठवतं? तशी ती वायरिंग बोटांतून अंगात चढली.

शाळेतल्या कवितेच्या पुस्तकानं मला आयुष्यभर हेच शिकवलं होतं की सुंदर काहीतरी दूर असतं. डोंगरात, नदीकाठी, चांदण्यात. आणि तू ते बॉनेटखाली घालून ठेवलं होतंस, जिथं कुणी बघायला जात नाही!

पण एक अडचण होती. वायरी सगळ्या काळ्या. कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्याचं भंगार निघालं तेव्हा तू काळ्या वायरीचं अख्खं वेटोळं आणलं होतंस, त्यातच सगळी गाडी केलीस. रंगावरून काही ओळखू येईना. डॅशबोर्डाकडच्या टोकाला शब्द, पण दुसऱ्या टोकाला, म्हणजे हॉर्नला, पंख्याला, पेट्रोलच्या पंपाला, मागच्या दिव्यांना जाणाऱ्या टोकांवर चिंध्याच नाहीत. तिथं नुसत्या सुताच्या गाठी.

ते कोडं पद्मानं सोडवलं, मी नाही. तिनं एक टोक उजेडात धरलं. "काका, इंजिनापाशी तेल अन् उष्णता. शाई टिकत न्हाय. म्हणून नानांनी तिथं गाठी मारल्यात. ही मोठी गाठ, ती ओळ. ही लहान, तो शब्द. एक मोठी, तीन लहान. पहिल्या ओळीचा तिसरा शब्द कुठला?"

"भोंगा," मी म्हणालो.

तिनं ते टोक धरून पुढं बघितलं. ते हॉर्नला जोडायचं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो, अंबू. भोंगा म्हणजे हॉर्न! गिरणीचा भोंगा, ज्यानं आपल्या सगळ्या गावाची पहाट व्हायची, तो तू आठशेच्या नाकात बसवलास.

तीन दिवस आम्ही तसंच काम केलं. मी स्टुलावर बसून कविता वाचणारा, ती जमिनीवर बसून वायरी जोडणारी. तिला मीटर लावून एकेक शोधता आलं असतं, ते ती म्हणालीही. "पण नानांनी लिहून ठेवलंय, ते वाचता आलं पाहिजे की." नव्या वायरी तिनं रंगीत आणल्या, कारण शर्यतीच्या आधी गाडी तपासतात, आणि बाहेरून ओढून सगळी वीज तोडायचा तो लाल स्विचही त्यांना नवा हवा होता. पण बांधणी तिनं सुतानंच केली. मेण तिनंच चोळलं. ती गाठ तिला येते! आजीनं शिकवली म्हणे. नव्या चिंध्या कुणी लिहायच्या? मी. सोळा शब्द, धोब्याच्या शाईनं. वळण बरं आलं. शेजारच्या दुकानातून एकजण डोकावून म्हणाला, आजोबांना मेकॅनिक केलं का काय? पद्मा म्हणाली, मेकॅनिक न्हाय, पंतोजी. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

काल चौथ्या दिवशी वायरी जोडून झाल्या. पद्मानं मुद्दाम लहान ताकदीचे फ्यूज घातले, चूक असली तर जळू नये म्हणून. मुख्य स्विच चालू केला, किल्ली फिरवली. हॉर्नचं बटण दाबलं. वाजला! गल्लीतली कुत्री उठून बसली.

मग तिनं ब्रेक दाबला. मागचा लाल दिवा लागायला हवा होता. दिवा लागला नाही, पेट्रोलचा पंप गुरगुरला. तिनं पंपाचा स्विच टाकला, तर मागं लाल दिवा पेटला. पंख्याचा टाकला तर तापमानाच्या काट्यामागचा बल्ब.

ती गाडीतच बसून राहिली. ओठ हलत होते. मग म्हणाली, "पहिली ओळ बरोबर. चौथी बरोबर. दुसरी अन् तिसरी उलटी झालीय. नानांच्या गाठींत माग आधी आहे, बगळा नंतर." आणि किंचित हसून म्हणाली, "नाना चुकले की काका."

अंबू, तिथं बोलायला हवं होतं. त्याच क्षणी. आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "घरी तेलुगू बोलणारा माणूस. कविता मराठी. एखादी ओळ इकडची तिकडं व्हायचीच."

पद्मानं मुख्य स्विच बंद केला आणि गाडीतून उतरली. "उद्या करू," एवढंच म्हणाली. मी रिक्षात बसलो, आणि जुळे सोलापूर येईपर्यंत रिक्षावाला काय बोलत होता त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. साठ वर्षांपूर्वी तुझ्यावर ढकललेली चूक मी पुन्हा तुझ्यावरच ढकलली होती. तुझ्या मुलीसमोर. तुझ्याच शेडमध्ये.

आता तुला ते सांगतो. तुला ठाऊक असेल तरी सांगतो, कारण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

गुरुजींनी कविता फळ्यावर लिहिली त्या सकाळी तू शाळेत नव्हतास. घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरत होतास. स्नेहसंमेलनात ती कुणी म्हणायची हे ठरवायचं होतं, आणि गुरुजी माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, माझंच नाव. ते म्हणाले, "बसवराज, अंबादासला ही शिकवून ठेव. त्याचा आवाज चांगला आहे."

त्याचा आवाज! मला सगळ्या कविता पाठ. पुस्तकातल्या, पुस्तकाबाहेरच्या. आणि आवाज तुझा! घरी जाताना तळ्याच्या कडेकडेनं मी तुला ती शिकवली. दोन ओळींची जागा बदलून. चुकून नाही. मनात ठरवून. नऊ वर्षांचं पोर होतो, पण काय करतोय ते मला पक्कं ठाऊक होतं. तू दहा वेळा म्हणालास, दहा वेळा उलटी, आणि मी म्हणालो, "झकास."

दुसऱ्या दिवशी तू सगळ्या वर्गापुढं उभा राहिलास. काय आवाज लागला होता तुझा! भोंगा वाजे म्हणालास आणि मग माग चालता. गुरुजींनी हात वर केला. "अंबादास, बगळा आधी." तू पुन्हा म्हणालास, पुन्हा तसंच. पोरं हसली. गुरुजींनी छडी उचलली नाही, रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "बस खाली." आणि मला उभं केलं.

तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मग बाकाकडे. त्या बघण्याचा अर्थ मी साठ वर्षं लावतोय.

वर्षभर पोरं तुला 'बगळा' म्हणत होती. मीही म्हणत होतो. आणि तू वळून 'ओ' द्यायचास! सातवीनंतर तू शाळा सोडलीस, गाड्यांच्या वायरमनच्या हाताखाली लागलास. त्याचं कारण घरचं होतं, मागाचं होतं, कवितेचं नव्हतं. हे मला समजतं. पण त्यानंतर तू कधी, कुठंही, लग्नातसुद्धा, चारचौघांत तोंड उघडून काही म्हटलं नाहीस. मी नोकरीला होतो त्या खात्यात मात्र दर कार्यक्रमाला मला उभं करायचे. कवितावाले बसवराज! लोक टाळ्या वाजवायचे, तू मागच्या खुर्चीवर बसून वाजवायचास, आणि माझी नजर तुझ्यावर ठरायची नाही.

मला सांग, का रे कधी विचारलं नाहीस? एकदा दुकानात चहा पिताना, स्कूटरचा प्लग साफ करताना, "बसू, तू असं का केलंस?" एवढंच. मी सांगितलं असतं. का नसतं सांगितलं? खरं लिहितो, नसतं सांगितलं.

आज चारची वाट न बघता मी तीनलाच जाऊन तुझ्या शेडच्या पायरीवर बसलो. पद्मा आली. डबा अजून हातात होता. मला बघून म्हणाली, "काका, उन्हात बसलात होय?" मी म्हणालो, बस जरा. ती बसली नाही, उभीच राहिली. मी उन्हाकडे बघत सगळं सांगितलं. कांड्या, फळा, तळ्याची कड, ते 'झकास', ते हसणं. शेवटी म्हणालो, "तुझे नाना चुकले नाहीत. त्यांना चुकीचं मी शिकवलं. आणि काल तुझ्यासमोर पुन्हा खोटं बोललो."

मला वाटलं ती रागावेल. रागवायला हवं होतं. तिनं हातातला डबा पायरीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "म्हणजे तो दोस्त तुम्ही?"

मला काही समजेना.

मग ती पायरीवर बसली. तू तिला सांगायचास म्हणे, ती लहान असताना, जेवताना. कविता नाही सांगायचास, ती तू कुणापुढं म्हटलीच नाहीस. नुसती गोष्ट. "नाना म्हणायचे, शाळेत माझा एक दोस्त होता, त्यानं गुरुजींची कविता दुरुस्त केली. गुरुजींचं घर तळ्याकाठी. त्यांना सकाळी आधी तळं दिसायचं. आपल्या घरी भोंगा झाला की आधी माग. तळ्याकडं बघायला सवड कुणाला होती? दोस्तानं ते बरोबर केलं. लई हुशार होता, म्हणायचे. मला तेव्हा काय कळणार? कुठली कविता, कुठला दोस्त."

अंबू! दुरुस्त केली?

मी मनातल्या मनात ती तुझ्या क्रमानं म्हटली. पहाट झाली, भोंगा वाजे. माग चालता धागा नाचे. तळ्यात उजळा बगळा साजे. दारी चिमणी गाणे वाचे. साठ वर्षांत मला कधी जाणवलं नव्हतं! यमक तुटत नाही. एकाआड एक जुळतं. आणि आपलं गाव अगदी तसंच जागं व्हायचं. आधी भोंगा, मग तुझ्या घरातली खटखट, मग उजेड, मग तळं दिसणार, मग चिमण्या. मत्सरानं उलटी केलेली कविता सरळ निघाली होती, आणि तिच्यावर आयुष्यभर कविता म्हणणाऱ्या माझी नजर कधी गेली नाही. तुझी गेली. नऊ वर्षांच्या, कांड्या भरून शाळेला आलेल्या पोराची.

तुला खरंच असं वाटलं होतं का रे? की मी ती मुद्दाम, चांगलं म्हणून बदलली? का सगळं समजून, मला वाचवायला तू ही गोष्ट रचलीस आणि आधी स्वतःलाच पटवलीस, मग मुलीला सांगितलीस? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. ठरत नाही. आणि कुठलंही धरलं तरी तुझ्यापुढं मी लहानच ठरतो.

पद्मा डोळे पुसून उठली. "चला, वायरी बदलू. आठच हैत." दुसरी आणि तिसरी ओळ तिनं तासाभरात अदलाबदल केली. मग फ्यूज बदलले. मग हेल्मेट वगैरे काही न घालता गाडीत बसली आणि खिडकीतून मला म्हणाली, "काका, तुम्ही म्हणा. एकेक शब्द. मी एकेक स्विच बघते. नानांच्या क्रमानं म्हणा."

मी तुझ्या गाडीच्या दाराला धरून उभा राहिलो. चौथीच्या वर्गात तू उभा होतास, तसा. शेजारच्या दुकानातले तिघे येऊन थांबले होते.

पहाट, म्हणालो. तिनं मुख्य स्विच चालू केला. झाली. किल्ली फिरली, डॅशबोर्डावर एक लहान लाल टिकली उजळली. भोंगा. वाजला. वाजे. फ्यूजच्या डब्यात कुठंतरी टक् झालं. माग, म्हणालो, आणि माझा आवाज चिरकला. चालता. पंप गुरगुरला, आणि ह्या वेळी योग्य ठिकाणी! धागा. नाचे. पंखा फिरला, अंबू. नाचे म्हटल्याबरोबर पंखा! मग तळ्यात, मग उजळा, आणि मागं जमिनीवर लाल उजेड पडला. बगळा. साजे. दारी. चिमणी. गाणे.

सोळावा शब्द उरला होता. पद्मानं माझ्याकडे बघितलं.

वाचे, म्हणालो.

तिनं बटण दाबलं. इंजिन एकदा खाकरलं, दोनदा, आणि मग धरलं. शेडचे पत्रे थरथरू लागले. माझ्या हाताखालचं दार, चष्मा, छाती, सगळं थरथरत होतं. चार ओळींतून वीज गेली होती! फळ्यावर अर्धा दिवस राहिलेल्या, खडूनं लिहिलेल्या चार ओळींतून! गुरुजी गेले, फळा गेला, गिरणीचा भोंगा थांबून किती काळ लोटला. आणि ती कविता तुझ्या गाडीत सुताच्या गाठींनी बांधलेली, उंदरांनी कुरतडूनसुद्धा उरलेली.

मी रडलो का ते विचारू नकोस. धूर फार होता.

पद्मा गाडी बाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर घेऊन गेली. एकच सीट, मला कुठं बसवणार? मी काठावर उभा राहिलो. तिनं एक फेरी मारली, मग दुसरी, चाकांनी मुरूम उधळत. वळणावर ती आत इतकी झुकली की मला वाटलं तूच बसलायस. सगळी धूळ माझ्या अंगावर आली. तोंडात गेली, दातांत करकरली. तू म्हणायचास ना, धूळ खाऊन जा? खाल्ली. पहिल्यांदाच आणि उशिरा, पण पोटभर.

आता तुला एक शब्द देतो. परवा रविवारी मी मैदानावर जाणार आहे. ऊन असू दे, गुडघे असू देत. गाडी तपासणारे डॅशबोर्डामागं डोकावतील, चिंध्या बघतील आणि विचारतील, हे काय लिहिलंय? तेव्हा पद्माऐवजी मी पुढं होईन. पंतोजी म्हणून नाही, कविता दुरुस्त करणारा दोस्त म्हणूनही नाही. सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात, चारही ओळी तुझ्या क्रमानं म्हणेन, आणि सांगेन की ही कविता अशी अंबादासनं लावली. शेजारी कुणी हसलं तर हसू दे. आणि मध्येच कुणी हात वर करून म्हणालं, बगळा आधी, तर ह्या खेपेला मी खाली बसणार नाही.

तुझा,
बसू